अमेरिकेतल्या घटस्फोटाची डिक्री पुण्यात बसून कशी मागवायची

एका बाईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्न 2004 साली पुण्यात, हिंदू पद्धतीने झालं. पुढे दोघं कॅलिफोर्नियात, बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात) राहत होते. तिथे नवऱ्याने केस घातली, बायकोने सह्या केल्या आणि 2011 मध्ये घटस्फोट झाला. त्यानंतर ती भारतात परतली. आता विशेष विवाह कायद्याखाली दुसरं लग्न करायचं आहे आणि विवाह अधिकारी डिक्री, म्हणजे कोर्टाच्या निकालाचा कागद, मागताहेत. हाताशी फक्त वकिलाने ईमेलवर पाठवलेलं पहिल्या पानाचं स्कॅन आहे. त्या वकिलाची कचेरी बंद झाली आहे आणि आधीचा नवरा संपर्कात नाही. एक एजंट "सगळं करून देतो" म्हणून चारशे डॉलर मागतो आहे. कागद इथे बसून मिळेल का, आणि इथे चालेल का?

मिळेल. आणि त्या एजंटला आधी नाही म्हणून कळवून टाका. गेली वीसेक वर्षं परदेशातून परतलेल्या लोकांच्या कौटुंबिक केसेस मी पुण्यात चालवते. आजवर मागवलेल्या डिक्र्यांमध्ये दलालाची गरज पडली अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. तुमचा कागद हरवलेला नाही. ज्या कोर्टात केस दाखल झाली तिथल्या क्लार्कच्या दप्तरात तो पडून आहे. बरोबर कचेरीकडे बरोबर कागद मागितला की झालं. लोक नेमके इथेच चुकतात, कचेरीतही आणि कागदातही.

कचेरीपासून सुरुवात करू. घटस्फोट हा अमेरिकेत राज्यांचा विषय आहे. दिल्लीला पत्र लिहून पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाची नक्कल मिळत नाही, तसंच वॉशिंग्टनला लिहून हे मिळत नाही. तिथल्या केंद्रीय न्यायालयांची पेसर नावाची ऑनलाइन व्यवस्था आहे. तिच्यावर तासन्‌तास शोधून "माझी केस सापडतच नाही, घटस्फोट झालाच नाही वाटतं" म्हणत रडवेले झालेले लोक मी पाहिले आहेत. ती केस तिथे कधी नव्हतीच. ती कौंटीत असते. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. लुइझियानात तिला पॅरिश म्हणतात, एवढाच फरक.

कौंटी कुठली, तर जिथे केस दाखल झाली ती. लग्न कुठे झालं, आता कोण कुठे राहतं, याचा काही संबंध नाही. "आम्ही बे एरियात होतो" एवढ्यावर भागत नाही. सनीवेल, क्युपर्टिनोत राहत असाल तर सँटा क्लारा कौंटी. फ्रीमाँटला असाल तर अलामिडा कौंटी, म्हणजे कोर्ट वेगळं. फॉस्टर सिटी असेल तर सॅन मटेओ. ही चारही गावं एकमेकांपासून गाडीने तासाभराच्या आत आहेत, पण दप्तरं तीन. न्यू जर्सीतही तेच: एडिसन मिडलसेक्समध्ये, जर्सी सिटी हडसनमध्ये, पार्सिपनी मॉरिसमध्ये. टेक्ससमध्ये तर फ्रिस्को हे एकच गाव कॉलिन आणि डेंटन अशा दोन कौंट्यांत विभागलेलं आहे. तुमच्याकडे जे पहिलं पान आहे त्याच्या वरच्या चौकोनात कौंटीचं नाव छापलेलं असेल. ते पान नसेल तर त्या वेळचा राहता पत्ता आठवा. कॅलिफोर्नियात पती-पत्नीपैकी किमान एकाने राज्यात सहा महिने आणि त्या कौंटीत तीन महिने राहिलेलं असावं लागतं. त्यामुळे केस घालण्याच्या आधीच्या तीन महिन्यांत नवरा किंवा तुम्ही कुठे होता, तिथे उत्तर सापडतं. तुम्ही आधीच वेगळं राहायला लागला असाल तर नवऱ्याचा पत्ता धरा, कारण केस त्याने घातली.

कोर्टाची नावं ऐकून गोंधळून जाऊ नका. कॅलिफोर्नियात, न्यू जर्सीत हे काम सुपीरियर कोर्ट करतं, इलिनॉय आणि फ्लोरिडात सर्किट कोर्ट, पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोत कोर्ट ऑफ कॉमन प्लीज, टेक्ससमध्ये बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिक्ट कोर्ट. न्यूयॉर्कची तर गंमतच आहे. तिथे घटस्फोट देणाऱ्या साध्या पहिल्या पायरीच्या कोर्टाचंच नाव सुप्रीम कोर्ट आहे. माझ्या एका पक्षकाराची डिक्री पाहून इथल्या कचेरीतला कारकून खुर्चीतून उठलाच: "मॅडम, थेट सुप्रीम कोर्टात गेला होता का हो वाद?" टेक्ससमध्ये आणखी एक खाच आहे. कौंटी क्लार्क आणि डिस्ट्रिक्ट क्लार्क ही दोन वेगळी माणसं. लग्नाचा परवाना पहिल्याकडे, घटस्फोटाची फाइल दुसऱ्याकडे. पहिल्याला लिहिलेलं पत्र बहुतेक वेळा "आमच्याकडे नोंद नाही" असं उत्तर घेऊन परत येतं, आणि लोक घाबरतात.

आता कागद. इथे तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली म्हणजे राज्याच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्याकडून मिळणारा घटस्फोटाचा दाखला. त्यावर दोघांची नावं, तारीख, कौंटी एवढंच असतं. काही राज्यांत तेवढाही मिळत नाही. टेक्सस राज्य 1968 पासूनच्या घटस्फोटांचं फक्त पडताळणीचं पत्र देतं. कॅलिफोर्निया राज्याकडे 1962 ते जून 1984 एवढ्याच काळाची नोंद आहे. तुमचा 2011 चा घटस्फोट त्यांच्याकडे नाहीच. तेव्हा राज्याची राजधानी सॅक्रामेंटो इथल्या आरोग्य खात्याला (जन्म-मृत्यूच्या नोंदी त्याच्याकडेच असतात) अर्ज करून महिनोन्‌महिने वाट पाहू नका. दुसरी गोष्ट म्हणजे डिक्रीची साधी झेरॉक्स. ती फक्त तुमच्या माहितीसाठी. तिसरी म्हणजे कोर्टाच्या क्लार्कने सही-शिक्क्यानिशी "ही मूळ कागदाची खरी नक्कल आहे" असं प्रमाणित केलेली डिक्री. तुम्हाला ही हवी. इंग्रजीत अर्ज करताना "सर्टिफाइड कॉपी ऑफ जजमेंट" असं लिहा. नुसतं "डिव्होर्स सर्टिफिकेट" लिहिलंत तर क्लार्क तुम्हाला आरोग्य खात्याकडे पाठवील.

आधी केस नंबर शोधा. तो सापडला की अर्धं काम झालं. तुमच्या पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात तो असणार. नसेल तर कोर्टाच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. कॅलिफोर्नियातल्या कोर्टांच्या नियमांप्रमाणे कौटुंबिक केसचे प्रत्यक्ष कागद सर्वसामान्यांना घरबसल्या दिसत नाहीत, ते कोर्टात जाऊनच पाहावे लागतात. पण पक्षकारांची नावं आणि नंबर बहुतेक कौंट्यांत ऑनलाइन दिसतात. शोधताना दोघांच्याही नावाने शोधा, आणि 2011 बरोबर 2010 आणि 2009 सुद्धा पाहा. कॅलिफोर्नियात समन्स बजावल्यापासून किमान सहा महिने घटस्फोट मिळत नाही. नंबर पडतो तो दाखल केल्याच्या वर्षाचा.

मराठी नावांचा घोळ हा स्वतंत्र अध्याय आहे. आपल्याकडे पासपोर्टवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव. तिथला कारकून मधल्या नावाला कधी आडनाव समजतो, कधी गाळून टाकतो. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांचं नावच व्हिसावर आडनावाच्या जागी जातं आणि "एफएनयू" हे पहिलं नाव चिकटतं, म्हणजे "पहिलं नाव अज्ञात", आणि मग कोर्टातही तेच नोंदलं जातं. माझ्या एका पक्षकाराची केस आम्हाला त्या तीन अक्षरांखाली सापडली. त्यात भर म्हणजे लग्नात बदललेलं नाव. माहेरची वैशाली सासरी अनुराधा झाली, पासपोर्टवर वैशालीच राहिली, आणि नवऱ्याने अर्जात अनुराधा लिहिलं. अशा वेळी दोन नावं आणि दोन आडनावं यांच्या चारही जोड्या शोधाव्या लागतात. आडनावाचं स्पेलिंगही एकदा इकडेतिकडे करून पाहा. आणि हे सगळं आत्ताच लिहून ठेवा, कारण डिक्रीवरचं नाव आणि तुमच्या आजच्या पासपोर्ट-आधारवरचं नाव जुळलं नाही तर विवाह अधिकाऱ्यांपुढे प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल.

नंबर मिळाला की लगेच डिक्री मागवू नका. आधी "रजिस्टर ऑफ अॅक्शन्स" पाहा किंवा मागवा. हा आपल्याकडचा रोजनामा. कुठल्या तारखेला काय दाखल झालं त्याची यादी. एकाच केसमध्ये दोन निकाल असू शकतात, हे त्यातून कळतं. कॅलिफोर्नियात घराचा, पैशाचा वाद चालू असताना आधी फक्त वैवाहिक नातं संपवून घेता येतं. मग 2011 मध्ये एक निकाल आणि 2012 मध्ये मालमत्तेचा दुसरा. पुनर्विवाहासाठी पहिला हवा. फॉर्मचा नंबर एफएल-180. त्यावर वैवाहिक नातं संपल्याची तारीख लिहिलेली असते. सहीची तारीख आणि ही तारीख वेगळी असू शकते, आणि विवाह अधिकाऱ्याला हीच महत्त्वाची.

आता इथल्या कायद्याशी जोडलेला भाग. त्यावर बहुतेक जण विचारच करत नाहीत. डिक्री हातात आली म्हणजे भारतात ती चालतेच असं नाही. अमेरिका आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खालच्या परस्पर-मान्यतेच्या यादीत नाही. परकीय निकाल कलम 13 च्या कसोट्यांवर तपासला जातो. त्यात सर्वोच्च न्यायालयाचा 1991 सालचा नरसिंह राव खटल्याचा निकाल आजही पायाभूत मानला जातो (माजी पंतप्रधानांचा याच्याशी काही संबंध नाही). त्यातल्या नवऱ्याने अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या सेंट लुइस कौंटीच्या सर्किट कोर्टातून 1980 मध्ये घटस्फोट घेतला आणि भारतात येऊन दुसरं लग्न केलं. पहिल्या बायकोने द्विभार्येची फिर्याद केली. नवऱ्याने डिक्रीची फोटोप्रत पुढे केली. न्यायालयाने काय म्हटलं ते नीट वाचण्यासारखं आहे. फोटोप्रत म्हणून ती टाकाऊ नाही, कारण तिथल्या डेप्युटी क्लार्कने ती प्रमाणित केली होती. पण अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं पुढचं प्रमाणीकरण त्यावर नव्हतं, आणि पुरावा कायद्याच्या कलम 86 प्रमाणे ते हवं होतं, म्हणून ती पुराव्यात घेता येत नाही. तो जुना पुरावा कायदा 1 जुलै 2024 पासून गेला, त्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. पण क्लार्कच्या सहीला पुढचं प्रमाणीकरण हवं, ही गोष्ट व्यवहारात तशीच आहे. आता ते अपोस्टिलने होतं, म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे असं दुसऱ्या देशात वापरासाठी दिलेल्या सरकारी प्रमाणपत्राने.

त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. परदेशी कोर्टाने दिलेला घटस्फोट ज्या कायद्याखाली लग्न झालं त्याच्याशी जुळणारा हवा. तुमच्या बाबतीत तो हिंदू विवाह कायदा. कॅलिफोर्नियात घटस्फोट "न जुळणाऱ्या मतभेदां"वर मिळतो. आपल्या कायद्यात असं कारणच नाही. मग डिक्री पडते का? नाही, कारण न्यायालयाने अपवाद ठेवले आहेत. त्यातला एक असा की दुसऱ्या बाजूने त्या घटस्फोटाला संमती दिली असेल तर तो चालतो. तुम्ही सह्या केल्या होत्या म्हणता. म्हणजे तुमची संमती आहे. पण तुमच्या तोंडी सांगण्याला किंमत नाही, ती फाइलमधल्या कागदात दिसायला हवी.

म्हणून डिक्रीबरोबर आणखी दोन कागद मागवा. एक, तुमच्या सहीचं उत्तर (एफएल-120) किंवा हजेरी आणि संमतीचा फॉर्म (एफएल-130), यांपैकी फाइलमध्ये जो असेल तो. दोन, तुम्ही दोघांनी सही केलेला समझोता. रोजनाम्यात तिन्हींची नोंद दिसेल. या बाबतीत मी कंजूषपणा करू देत नाही. उद्या मालमत्तेवरून किंवा वारसाहक्कावरून कुणी "तो घटस्फोट एकतर्फी होता" म्हणालं, तर उत्तर तयार असावं. रोजनाम्यात तुमच्या बाजूचा एकही कागद नसेल आणि निकाल गैरहजेरीत झालेला दिसला, तर मात्र थांबा. दुसऱ्या लग्नाची नोटीस देण्याआधी इथल्या वकिलाला ती यादी दाखवा.

खर्चाचं सांगते. कॅलिफोर्नियात घटस्फोटाच्या निकालाच्या प्रमाणीकरणाला वेगळा, स्वस्त दर आहे, 15 डॉलर. झेरॉक्सचे पानामागे 50 सेंट. फाइलमधल्या इतर कागदांच्या प्रमाणीकरणाला मात्र कागदामागे 40 डॉलर लागतात. केस नंबर न देता क्लार्कला शोधायला लावलंत आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला, तर शोधाचे 15 डॉलर वेगळे. पाठवण्याआधी त्या कोर्टाचं दरपत्रक एकदा पाहा. अपोस्टिलचे पोस्टाने पाठवल्यास 20 डॉलर. एजंटचे चारशे कुठून येतात हे तुम्हीच ताडा.

पण पैसे पाठवायचे कसे? इथेच खरी अडचण होते. भारतीय बँकेचा धनादेश तिथली कोर्टं घेत नाहीत. परतीच्या लिफाफ्यावर अमेरिकी तिकिटं लागतात, ती पुण्याच्या पोस्टात मिळत नाहीत. काही कौंट्या आता ऑनलाइन अर्ज आणि कार्ड घेतात, ते सगळ्यात सोपं. नाहीतर तिथला एखादा भाऊ, मैत्रीण, जुनी शेजारीण धरा. कॅलिफोर्नियात घटस्फोटाचा निकाल सार्वजनिक कागद असतो. त्यामुळे त्या माणसाला तुमच्या अधिकारपत्राची गरज पडत नाही. तो केस नंबर घेऊन खिडकीवर जाऊन नक्कल घेऊ शकतो. पत्राने मागवताना किती पानं आहेत हे आधी माहीत नसतं. अशा वेळी तिथे एक छान पद्धत आहे. तिथल्या बँकेच्या धनादेशावर रक्कम कोरी ठेवून वर "अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही" या अर्थी "नॉट टू एक्सीड" असं लिहितात. क्लार्क हिशोब करून नेमकी रक्कम भरतो. अर्जात दोघांची पूर्ण नावं, केस नंबर, निकालाची तारीख, कुठले कागद, किती प्रती, "परदेशात वापरासाठी, अपोस्टिल घ्यायचं आहे" हे वाक्य, आणि तिथल्या माणसाचा पत्ता. बस.

न्यूयॉर्कवाल्यांनी यातलं काही गृहीत धरू नये. तिथे घटस्फोटाची फाइल शंभर वर्षं गोपनीय असते. फक्त पती-पत्नी किंवा त्यांचे वकील पाहू शकतात. मैत्रिणीला पाठवायचं तर तुमचं नोटरी केलेलं अधिकारपत्र लागतं, आणि ते मुंबईतल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाकडून करून घ्यायचं झालं तर शिक्क्याचे 50 डॉलर. न्यू जर्सीत जुन्या फाइली ट्रेंटनच्या नोंदी केंद्रात जातात. तिथल्या घटस्फोटाच्या केस नंबरची सुरुवात एफएम या अक्षरांनी होते आणि पुढचा आकडा कौंटीचा असतो, मिडलसेक्सचा 12. परदेशासाठी तिथे तीन शिक्क्यांची खास प्रत मिळते, तीच मागा.

अपोस्टिल हे त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून मिळतं. न्यू जर्सी अपवाद, तिथे ते काम अर्थ खात्याकडे आहे. वॉशिंग्टनमधलं परराष्ट्र खातं फक्त केंद्र सरकारच्या कागदांना अपोस्टिल देतं, तिथे पाठवलेली डिक्री परत येते. दहा वर्षांपूर्वीची प्रमाणित प्रत सापडली तरी तिच्यावर अपोस्टिल मागू नका. सही करणाऱ्या क्लार्कचं नाव राज्याच्या नोंदीत आज असेलच असं नाही. नवी प्रत स्वस्त पडते.

वेळेचं गणित उलट्या बाजूने मांडा. विशेष विवाह कायद्यात नोटीस दिल्यानंतर तीस दिवस थांबावं लागतं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते. त्यामुळे अपोस्टिलसह कागद हातात पडेपर्यंत नोटीस देऊ नका, हॉल तर मुळीच बुक करू नका. कोर्टाचं पोस्ट, मग अपोस्टिलसाठी सॅक्रामेंटो, मग कुरिअर, या सगळ्याला मी पक्षकारांना चार महिने सांगते. तिथे कुणी खिडकीवर जाणारं असेल तर महिन्याभरातही झालेलं आहे.

दोन प्रती मागवा, एक कायमची घरात राहू दे. आणि पाकीट आल्यावर झेरॉक्सच्या दुकानात नेऊ नका. अपोस्टिलचं पान डिक्रीला पिनेने जोडलेलं असतं. दुकानदार सवयीने पिन काढतो, पानं सपाट करतो, आणि परत देताना नवी पिन मारून देतो. ती भोकं पाहून इथल्या अधिकाऱ्याने कागद नाकारला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. घरी फोनवर स्कॅन करा, पिन न काढता.